नवव्या गाण्यातला फोन

प्रिय भोंग्या,

नमस्कार. खरं म्हणजे मी तुझ्यापेक्षा अकरा महिन्यांनी मोठा, तेव्हा पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा हक्क माझा. पण तू आजवर माझा एकही आशीर्वाद लागू पडू दिलेला नाहीस, म्हणून नमस्कारावर भागवतो. गुडघे कसे आहेत? नव्या गावात फरश्या बसवायचं काम मिळालं असं तुझ्या जुन्या मुकादमाकडून कळलं. (तुझ्याकडून नाही, हे लक्षात असू दे.) गुडघ्याखाली रबराचा तुकडा घेत जा, गोणपाट नको. गोणपाट ओलं झालं की गारठा हाडात शिरतो आणि मग म्हातारपणी तो बाहेर काढायला डॉक्टरचा बापही येत नाही. घसा काय म्हणतो? सिमेंटच्या धुळीत तोंडाला फडकं बांधतोस ना? इकडे सगळं क्षेमकुशल आहे असं लिहायची रीत आहे. माझं डावं कोपर वर होत नाही, दंतवैद्याच्या बोटाला नखुरडं झालंय आणि सारथ्याबद्दल पुढे लिहितो. हे सोडलं तर क्षेमकुशल.

पत्राला निमित्त असं की आपल्या अल्बमचं परीक्षण आलं. 'शेजाऱ्यांस विनंती' ही कॅसेट मी तीन ठिकाणी पाठवली होती. एकाने परत पाठवली, एकाने परतही पाठवली नाही, आणि तिसऱ्याने इंटरनेटवरच्या मासिकात तिच्यावर लिहिलं. लिहिणाऱ्याला अजून मिसरूड फुटलेलं नसावं, असा वाक्यांवरून माझा अंदाज आहे. तो म्हणतो, 'बँडमध्ये ताकद आहे, पण अल्बम असमतोल आहे. काही गाणी सुरू होण्याआधीच संपतात, एक गाणं संपता संपत नाही, आणि जवळजवळ प्रत्येक गाण्यात ड्रम मध्येच गायब होतात. ही शैली आहे की निष्काळजीपणा, कळायला मार्ग नाही.' असमतोल! भोंग्या, तू उभा जन्म पाणसळ घेऊन लोकांच्या घरात ओणवा झालेला माणूस. समतोल म्हणजे काय हे त्याने तुला शिकवावं? पाणसळीतला बुडबुडा जरासा कलला म्हणून अख्खं न्हाणीघर उखडणारा तू, आणि मी फॅनची मोटर भरताना एक वेढा कमी पडला तर सगळी तार उलगडून पुन्हा गुंडाळणारा. (शाळा मी नववीत सोडली, पण वेढे मला कुणी मोजून दिले नाहीत, माझे मी शिकलो.) आपण दोघं ज्या अल्बममध्ये आहोत तो असमतोल असूच शकत नाही. तो जसा आहे तसा का आहे, त्याला कारण आहे, आणि ते कारण या पोराला माहीत नाही. म्हणून मी त्याला खुलासा लिहायला घेतलाय. पाठवण्याआधी तुला दाखवतो, कारण गाणारा तू. त्यात तुला ठाऊक असलेल्याही गोष्टी आहेत. कंटाळा करू नकोस, परक्या माणसाला पहिल्यापासून सांगावं लागतं.

तर, आपण वाजवतो तो गॅरेज पंक म्हणजे गॅरेजमध्ये वाजवतात तो आरडाओरड्याचा रॉक, असा माझा सरळ समज होता आणि आहे. आता गॅरेज कुणाचं, हा ज्याच्या त्याच्या नशिबाचा भाग. आपल्या नशिबी इस्पितळाच्या मागच्या फाटकाजवळचं शववाहिकेचं गॅरेज आलं. का, तर ड्रम वाजवणारा माणूस गावात एकच, आणि तो शववाहिकेचा ड्रायव्हर. (त्याला सारथी हे नाव दंतवैद्याने दिलं. दंतवैद्य सोडून इतर कुणी दिलं असतं तर मी म्हटलं असतं छान आहे.) ड्यूटीवर असताना सारथ्याला गॅरेज सोडता येत नाही, आणि तो कायम ड्यूटीवर. म्हणून आपण त्याच्याकडे गेलो. गाडीचा मागचा बंपर आणि जुन्या टायरांची चळत यांच्यामध्ये ड्रम, गाडीच्या डाव्या अंगाला गिटार घेऊन मी आणि माझा अ‍ॅम्प्लिफायर (ट्रान्सफॉर्मर घरी गुंडाळलेला, हे खुलाशात ठळक लिहिलंय), उजव्या अंगाला बेस गिटार घेऊन दंतवैद्य, आणि तू आत जागा उरली नाही म्हणून शटरखाली, निम्मा आत निम्मा बाहेर. तुझ्या गाण्यातली वाक्यं शेवटाकडे हवेत विरल्यासारखी वाटतात असं त्या पोराने लिहिलंय. विरणार नाहीत तर काय, ती रस्त्यावर जायची.

आणि भिंतीवर फोन. त्या फोनचे नियम सारथ्याचे नव्हेत, नोकरीचे: तिसऱ्या घंटेच्या आत उचलायचा, सांगितलेला पत्ता मोठ्याने परत म्हणायचा, आणि निघायचं. पहिल्या दिवशी फोन वाजला तेव्हा आपण वाजवणं थांबवून माना खाली घातल्या, ते आठवतं? दुसऱ्या दिवशी थांबवून नुसते उभे राहिलो. तिसऱ्या दिवशी दंतवैद्याने तेवढ्यात सँडविच खाल्लं. मग मी म्हटलं, हे असं चालायचं नाही. घंटा वाजली की सारथी जाईल, बाकीच्यांनी जमेल तितकं वाजवत राहायचं, आणि झालेलं रेकॉर्डिंग पुन्हा करायचं नाही. ते तुझंच तत्त्व: बसलेली फरशी उचलू नये, खालचा माल मोडतो. तू तेव्हा मान डोलावलीस. सारथी काठ्या खाली ठेवायचा, पत्ता म्हणायचा, टोपी घालायचा, आणि गाडी तुझ्या अंगाला घासून शटरबाहेर पडायची. तू गातागाता पोट आत घ्यायचास. टेपवर बरोबर त्या जागी तुझा आवाज चोरटा होतो. परीक्षणात याला 'अचानक आलेली हळवी छटा' म्हटलंय.

ड्रम गेले की गाणं फार तग धरायचं नाही, म्हणजे गाण्याची लांबी आपण ठरवत नव्हतो. गाव ठरवत होतं. हे कळल्यावर मी एक शहाणपणा केला, आणि त्याचं श्रेय परीक्षणात कुठेही नाही. त्या घंटेचा सूर मी पेटीवर पडताळून पाहिला. काळी तीनच्या किंचित खाली. म्हटलं, ही बया प्रत्येक गाण्यात येणारच आहे तर निदान बेसूर तरी नको. दोन्ही गिटारी मी घंटेला लावल्या. तेव्हापासून आपल्या अल्बममध्ये कुणी मेलं तर सुरात मेलं. (हे वाक्य खुलाशात ठेवावं की नाही? दंतवैद्य नको म्हणतो. त्याच्या दवाखान्यात ड्रिलला गिऱ्हाइकाच्या ओरडण्याचा सूर लावतात का, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "तुझा सूर लागतो, म्हणून तुझी दाढ मी शेवटी काढतो.")

आता कॅसेटची दुसरी बाजू तोकडी का, याचं उत्तर. ती बाजू आपण थंडीच्या लाटेत रेकॉर्ड केली. त्या पंधरवड्यात म्हातारीकोतारी माणसं अशी गेली की सारथ्याला टोपी काढायला फुरसत नव्हती. 'वायसर' हे गाणं तू तोंड उघडलंस तिथेच संपलं. 'गळका नळ' मध्ये एक ओळ आहे, तीही पूर्ण नाही. पोरगा लिहितो की दुसऱ्या बाजूला बँडला धाप लागते. बँडला नाही, बाबा. ज्यांना लागली ते आता हयात नाहीत.

आणि सहावं गाणं लांबलं, त्याचं तर तू स्वतः साक्षीदार. त्या रविवारी कुणी मरेचना. गाणं आपण एका फोनापुरतं बेतलेलं, तुझे शब्द संपले, माझ्या करंगळीचं सालटं गेलं, दंतवैद्याने डोळे मिटून घेतले, आणि फोन आपला गप्प. तत्त्व म्हणजे तत्त्व, फोनच्या आधी थांबायचं नाही. तू फरश्यांचे आकार गायलास, मग भिंतीवरची 'येथे धूम्रपान करू नये' ही पाटी गायलास, मग टायरांच्या कंपनीचं नाव गायलास. शेवटी मी पाहिलं तर सारथी, जो माणूस गेली कित्येक वर्षं दुसऱ्यांच्या मयताला स्वतःच्या घरच्यासारखा उभा राहतो, तो ड्रम बडवत फोनकडे आशेने बघत होता. मग फोन वाजला. आपण चौघांनी एकदम 'हुश्श' केलं, आणि ते टेपवर आहे. मी ते पुसलं नाही. ते ऐकल्यावर मला दोन दिवस जेवण गेलं नाही, तरी पुसलं नाही.

आता नववं गाणं. 'पाय ठेवू नका, ओलं आहे.' त्याबद्दल तो लिहितो ते शब्दशः देतो: 'इथे ड्रम गेल्यावर गायक एकटा उरतो आणि पहिल्यांदाच अल्बमच्या पायाखाली जमीन येते. हे एकच गाणं पूर्ण आहे.' बाकी परीक्षणाला मी काडीची किंमत देत नाही, पण हे वाक्य बरोबर आहे. तुझ्या तोंडावर तुझी स्तुती मी आजवर केलेली नाही, आत्ताही तू समोर नाहीस म्हणून करतो: तसा तू त्याआधी कधी गायला नव्हतास. वर्षभर तुझी आई, माझी मावशी, अंथरुणाला खिळलेली, तिचं सगळं तू एकट्याने करायचास, आणि गॅरेजमध्ये यायचास ते ओरडायला. लोक त्याला पंक म्हणायचे. त्या दुपारी शेजारच्या बाई मावशीजवळ बसल्या होत्या, ती शांत झोपली होती, आणि तू ओरडायचं सोडून गायलास.

हे पुढचं मी खुलाशात घातलेलं नाही. फक्त तुला लिहितो.

घंटा वाजली. सारथ्याने फोन उचलला. आपल्या टेपवर बाकी सगळ्या गाण्यांत त्या जागी त्याचा आवाज येतो, घर क्रमांक अमुक, तमुक गल्ली, दुसरा मजला. नवव्या गाण्यात पत्ता नाही. फक्त एक शब्द आहे: "माहितीये." माझ्या कानाला हेडफोन होते. तो शब्द मी ऐकला आणि मनात म्हटलं, गड्याने नियम मोडला, पत्ता परत म्हटला नाही, चहाच्या वेळी झापतो याला. एवढंच माझ्या डोक्यात आलं. (मला हे कुणी खोटं म्हटलं तरी चालेल, तू म्हटलेलं चालणार नाही.) त्याने काठ्या ठेवल्या, टोपी घातली, गाडी तुझ्या अंगाला घासून नेली, तू पोट आत घेतलंस, आणि पार शेवटपर्यंत गात राहिलास. गाणं संपल्यावर तू म्हणालास, "आईला ऐकवतो हे." आणि सायकलवर बसून शीळ घालत गेलास.

तुझ्या दारात गाडी उभी होती, मागचं दार उघडं. सारथी टोपी हातात घेऊन. मी आणि दंतवैद्य मागून पोचलो तोवर तुला सगळं दिसलेलं होतं. तू त्याला एकच विचारलंस, "तुला कधी कळलं?" मग तू आमच्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "आणि मी तिकडे गातोय." त्यानंतर तू आमच्यापैकी कुणाशी बोलला नाहीस. सगळं उरकल्यावर गॅरेजची तुझ्याकडची किल्ली माझ्या खिडकीत ठेवलीस आणि गाव सोडलंस. भोंग्या, ती माझीही मावशी होती. तुला भोंगा हे नाव तिने ठेवलं तेव्हा मी पाळण्यात होतो म्हणून तेवढं सोड, पण मी शाळा सोडली तेव्हा पहिली जुनी मोटर उघडायला स्क्रू-ड्रायव्हर तिने दिला. तुझं दुःख माझ्यापेक्षा मोठं, हे मान्य. पण किल्ली खिडकीत ठेवून जाणं ही काही रीत नव्हे. दार वाजवायचं होतंस.

सारथ्याचं सांगतो म्हणालो होतो. त्या दिवसापासून त्याने ड्रमला हात लावलेला नाही. गाडी झाकायचं कापड ड्रमवर टाकलंय, गाडी उघडीच असते. फोन आला की पत्ता एकदा नाही, दोनदा म्हणतो, इतक्या मोठ्याने की पलीकडचा माणूस घाबरत असावा. आम्ही दंतवैद्याच्या कंपाउंडरला ड्रमवर बसवून पाहिलं. पहिल्या घंटेला त्याने काठी टाकली, दुसऱ्या घंटेला दुसरी टाकली, आणि तिसऱ्या घंटेआधी तो फाटकाबाहेर होता. सारथी मला रोज विचारतो, भोंग्याचं पत्र आलं का. मी म्हणतो, पोस्टाचा घोळ आहे. पोस्टमन माझ्याच गल्लीत राहतो, आणि सारथ्याला ते माहीत आहे.

माझं मत विचारशील तर (विचारणार नाहीस, तरी देतो) त्याने न सांगितलं ते कलेच्या दृष्टीने योग्य केलं. बातमी काही पळून जाणार नव्हती. गाणं पळालं असतं. मावशीला तू चार मिनिटं आधी पोचून काय फरक पडणार होता? ती गेलेलीच होती. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण हिशेबाने ते बरोबर आहे. तेव्हा खुलाशाच्या शेवटी 'हा मजकूर गायकाच्या संमतीने' असं वाक्य हवंय. ते खरं होईल असं एक ओळीचं पत्र पाठव. त्या पोराला कळू दे की अल्बम असमतोल नाही.

थोडं लिहिलंय, पण तुला सवय आहे, माझं थोडं तू पुष्कळ म्हणून वाचतोस. गुडघे जप.

तुझा, तुझ्याहून मोठा,
मावसभाऊ

ता. क. खुलासा राहू दे. पोराला जे म्हणायचं ते म्हणू दे, सगळी गाणी मोजून पाहिली तर दोन-तीन सोडून बाकी ऐकवत नाहीत. मला संमती नकोय. तू सारथ्याला दोन ओळी लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालेल. त्याला उद्देशून हव्यात, एवढंच.

ता. क. २. एक गोष्ट तुला सांगायची राहिली. शेवटच्या महिन्यात सारथी मावशीला भेटायला जायचा, तू कामावर असताना. तेव्हा तिने त्याला सांगून ठेवलं होतं: "माझा फोन येईल तेव्हा माझ्या भोंग्याचं गाणं मध्येच तोडू नकोस. मला कुठे जायची घाई आहे? ते पुरं झालं की सांग त्याला." त्याने तिचा शब्द पाळला. तुला हे सांगितलं नाही, कारण त्याला ते सबब सांगितल्यासारखं वाटलं असतं. आता तरी रागावू नकोस.

ता. क. ३. सारथ्याने हे पत्र वाचलं. मी चहा आणायला गेलो तेवढ्यात वाचलं. परवानगी घेतली नाही. म्हणतो, मावशी असं काही बोलली नव्हती, खोटं कशाला लिहितोस, खोड ते. मी खाडाखोड केलेलं पत्र पाठवत नाही, म्हणून हा तिसरा ता. क. तर ती तसं बोलली नव्हती. ते मी रचलं. ती बोलली असती तर असंच बोलली असती, पण ती बोलली नव्हती.

त्याचं म्हणणं तो सांगतो तसं लिहितो, कारण त्याला लिहायला दिलं तर तो पेन धरून बसून राहतो. तो म्हणतो, इतक्या वर्षांत मी इतक्या घरी गेलो, पण बातमी सांगायचं काम माझ्यावर कधी आलं नाही. मी पोचतो तेव्हा सगळ्यांना कळलेलं असतं. मला फक्त गाडीचं दार उघडता येतं. तो तिथे समोर गात होता, मी फोन ठेवला, आणि माझं तोंडच उघडलं नाही. गाणं चांगलं होतं की वाईट, मला माहीत नाही, मी ऐकलंच नाही. मी म्हटलं, निदान गाणं बरं चाललं होतं म्हणून थांबवलं नाहीस असं तरी लिहू? तर म्हणाला, "नको. ते खरं नाही."

तेव्हा आता त्याची विनंती, आणि ती खरी आहे. तो म्हणतो, आपण चौघं आहोत. आणखी फोन येणारच आहेत, आणि तिथे उचलणारा मीच असणार. तुझा (म्हणजे माझा, हे पत्र लिहिणाऱ्याचा) आला तर मी दंतवैद्याला वाजवताना थांबवू का? त्याचा आला तर तुला? हे त्याला आत्ता कळायला हवंय, ऐन वेळी विचारायला कुणी नसतं. हो किंवा नाही, एवढं भोंग्यालाच विचार, कारण आमच्यात ते फक्त त्याला माहीत आहे.

मला वाटतं, थांबवावं. पण माझ्या मतावर तो काठ्या उचलायला तयार नाही. तुझं येऊ दे.